कुकीचा कुकशी संबंध नाही

संकेतस्थळ उघडलं की ‘कुकीज स्वीकारा’ ही पाटी डच माणसालाही दिसते. संगणकातल्या या नोंदीचं नाव डचांनी इंग्रजीतून उचललं, आणि इंग्रजीने ते मुळात डचांकडूनच घेतलेलं!

डचमध्ये केकसारख्या पदार्थाला ‘कूक’ म्हणतात. लहानपणा दाखवणारा प्रत्यय लावला की ‘कूक्य’, बोलीत ‘कूकी’. सतराव्या शतकात हडसन नदीच्या काठी डचांची वसाहत होती. 1664 मध्ये इंग्रजांनी न्यू ॲमस्टरडॅम घेतलं, त्याचं न्यूयॉर्क झालं. डच कुटुंबं मात्र तिथेच राहिली. ‘कुकी’ अमेरिकी इंग्रजीत शिरली ती त्यांच्याकडून. ‘बॉस’सुद्धा त्यांचाच.

कुक बनवतो ती कुकी, असं बहुतेकांना वाटतं. ते चूक आहे. डच ‘कूक’चा सख्खा भाऊ इंग्रजी ‘केक’; तो स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘काका’वरून आला (हो, काकाच!). कूक आणि केक यांत फरक फक्त धातूतल्या स्वराचा, आपल्या पडणे-पाडणेसारखा.

इंग्रजी ‘कुक’ लॅटिनमधून आला. त्याचा मूळ धातू ‘पेक्व्’, संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांच्या इंडो-युरोपीय पूर्वज भाषेतला. लॅटिनमध्ये पुढच्या ‘क्व’च्या ओढीने सुरुवातीचा ‘प’ही ‘क्व’ झाला. संस्कृतात ‘प’ टिकला, पण ‘क्व’चा आधी ‘क’ झाला आणि ‘ए’ स्वरापुढे तो तालव्य होऊन ‘च’ बनला: पचति. पुढे ‘ओ’ होता तिथे ‘क’ तसाच राहिला: पाक. नंतर ते ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्ही ‘अ’ झाले. कारण पुसलं गेलं, परिणाम उरला. म्हणजे आपला स्वयंपाक कुकचा नातलग, कुकी नाही. ‘जगातले सगळे शब्द संस्कृतातून निघाले’ म्हणत फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना हे नातं ओळखता येणार नाही, कारण ते कानाला लागणारं साम्य बघतात, ध्वनिबदलाचे नियम नाही.

युनिक्स या संगणक-प्रणालीवर काम करणारे प्रोग्रामर छोट्या माहितीच्या पुडक्याला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू माँटुलीने तेच नाव ब्राउझरमधल्या नोंदीला दिलं. संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरला आधीची भेट आठवत नाही, म्हणून तो ही नोंद ब्राउझरकडे ठेवतो आणि पुढच्या विनंतीबरोबर ती परत येते. डचांनी तिला ‘कूक्य’ म्हटलं नाही. चहाबरोबर खायचं ते कूक्य, ब्राउझरमधली ती कुकी. आणि तिच्यासाठी नेदरलँड्समध्ये 2012 साली लागू झालेल्या नियमांना नाव पडलं ‘कुकीवेट’, म्हणजे कुकी-कायदा.