स्टोअर्ड प्रोसिजरमधून फाइलचे वाचन व लेखन

डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्रामने (प्रोसिजर, फंक्शन, टेबलातील बदलाने आपोआप चालणारा ट्रिगर) ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यातील फाइल उघडून वाचणे किंवा तीत लिहिणे. ही फाइल डेटाबेस सर्व्हरच्या यंत्रावरील असते, वापरणाऱ्याच्या समोरच्या संगणकावरील नव्हे. नवशिक्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणातील १९९६ च्या पीएसएम (पर्सिस्टंट स्टोअर्ड मॉड्यूल्स) भागात प्रोसिजरची भाषा प्रमाणित झाली, पण फाइलचा विषय त्यात नाही. त्यामुळे प्रत्येक प्रणालीने आपापली वाट काढली. सर्वांत परिचित वाट ऑरॅकलच्या यूटीएल_फाइल या पॅकेजची (एकत्र बांधलेल्या प्रोसिजरच्या संचाची). ते ७.३ या आवृत्तीत, म्हणजे साधारण १९९६ च्या सुमारास आले. त्याआधी ऑरॅकल फॉर्म्स या पडद्यावरील अर्ज बनवण्याच्या साधनात टेक्स्ट_आयओ हे क्लायंटच्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकाच्या, बाजूचे पॅकेज होते. एफओपन (फाइल उघडणे), गेट_लाइन (ओळ वाचणे), पुट_लाइन (ओळ लिहिणे) ही नावे दोन्हींत सारखी असल्याने यूटीएल_फाइल त्यावरून बेतले असावे, असे मानता येते. तथापि एफओपन हे नाव आणि वाचणे, नव्याने लिहिणे, शेवटी जोडणे यांसाठीची आर, डब्ल्यू, ए ही अक्षरे सी भाषेच्या लायब्ररीतली आहेत. दोन्ही पॅकेजांचे मूळ तिथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरा प्रश्न अधिकारांचा आहे. फाइल उघडते ती सर्व्हर प्रोसेस, ऑरॅकल सॉफ्टवेअरच्या खात्याच्या हक्काने. प्रोसिजर कोणी चालवली हे ऑपरेटिंग सिस्टिमला दिसत नाही. आरंभी यूटीएल_फाइल_डीआयआर या पॅरामीटरमध्ये मोकळ्या डिरेक्टरी नोंदवत. ही मुभा पॅकेज चालवू शकणाऱ्या सर्वांना सरसकट मिळे, बदलासाठी डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागे आणि तारांकन लिहिले की तपासणीच संपे. ऑरॅकल ९आयच्या दुसऱ्या आवृत्तीपासून डिरेक्टरी ऑब्जेक्ट (डिरेक्टरीला डेटाबेसमध्ये दिलेले नाव) चालू लागले. त्यांवर वाचनाचा आणि लेखनाचा अधिकार वापरकर्तानिहाय, वेगवेगळा देता येतो. जुना पॅरामीटर १२.२ मध्ये त्याज्य ठरला आणि १८सीमध्ये त्याचा आधारच गेला.

यूटीएल_फाइलमध्ये ओळीची मर्यादा काही न सांगितल्यास १०२४ बाइट. एफओपनला सांगितल्यास ३२७६७ पर्यंत. फाइल संपली की गेट_लाइन नो_डेटा_फाउंड हा अपवाद (प्रोग्रामचा नेहमीचा क्रम तोडणारी सूचना) उठवते. रिकामी ओळ मात्र नल (मूल्य नसणे) म्हणून येते, तेव्हा नल दिसताच थांबणारा लूप अर्ध्यावरच सुटतो. याहून फसवा प्रकार म्हणजे लूपमधल्या सिलेक्ट इंटोला (टेबलातून एक नोंद आणणाऱ्या विधानाला) एखादी नोंद सापडली नाही तरी हाच अपवाद उठतो. तो लूपबाहेरच्या हँडलरने (अपवाद हाताळणाऱ्या भागाने) पकडला की फाइल संपली असे समजून उरलेल्या ओळी निमूट वगळल्या जातात. गेट_लाइन स्वतंत्र ब्लॉकमध्ये ठेवणे हा त्यावरचा रूढ उपाय.

फाइल ट्रॅन्झॅक्शनच्या (एकत्र पक्के किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) बाहेर राहते. रोलबॅकने, म्हणजे बदल रद्द केल्याने, टेबल पूर्ववत होते, लिहिलेली ओळ नाही. म्हणून ट्रिगरमधून फाइल लिहिणे टाळलेले बरे. लेखन बफरमधून (स्मृतीतील तात्पुरत्या साठ्यातून) होत असल्याने फाइल बंद करणारे एफक्लोज राहून गेले तर शेवटचा मजकूर डिस्कवर पोचेलच असे नाही.

इतर प्रणालींत मायएसक्यूएलमध्ये फाइल वाचणारे लोड_फाइल आणि फाइलमध्ये लिहिणारे इंटू आउटफाइल आहेत. त्यांना फाइल अधिकार लागतो, शिवाय सिक्युअर_फाइल_प्रिव्ह या पॅरामीटरची मर्यादा असते. आउटफाइल आधीच्या फाइलवर लिहीत नाही. एसक्यूएल सर्व्हरमधील एक्सपी_कमांडशेल (ऑपरेटिंग सिस्टिमचे आदेश चालवणारी प्रोसिजर) २००५ च्या आवृत्तीपासून मुद्दाम सुरू करेपर्यंत बंद असते. पोस्टग्रेएसक्यूएल ११ ने सर्व्हरवरील फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी स्वतंत्र रोल (अधिकारांचे संच) दिले. डीबी२ ने ९.७ मध्ये यूटीएल_फाइल हे नावही तसेच उचलले.