आफ्रिकी पुस्तकं शोधताना: नारिंगी मालिकेपासून बामाकोच्या स्टुडिओपर्यंत

आफ्रिकेतली कथा-कादंबरी किंवा छायाचित्रांचं पुस्तक शोधायला बसलं की एकच लेखक तीन नावांनी सापडतो, एकच पुस्तक दोन शीर्षकांनी सापडतं आणि हवं ते नेमकं छपाईबाहेर गेलेलं असतं. पुस्तकाचे पैसे मुळात कोणी मोजले हे कळलं, तर या गोंधळाचा बराचसा उलगडा होतो.

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी 1958 साली लंडनच्या विल्यम हाइनमनने काढली. पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या 2,000 प्रती. ज्या नायजेरियाबद्दल ती होती, तिथल्या सामान्य वाचकाला ती परवडणारी नव्हती. ब्रिटिश प्रकाशक तेव्हा आफ्रिकेत शालेय पुस्तकं भरपूर विकत, पण तिथले लेखक फारसे छापत नसत. हाइनमनच्या शैक्षणिक शाखेचे ॲलन हिल यांनी यातच संधी हेरली. 1962 मध्ये त्यांनी ‘आफ्रिकन रायटर्स सीरिज’ सुरू केली, तीही कागदी बांधणीत आणि विद्यार्थ्याला झेपेल अशा किमतीत. पहिला क्रमांक अर्थात अचेबेंच्या कादंबरीचा. पुढची दहा वर्षं अचेबे मानधन न घेता मालिकेचे संपादक होते आणि त्यांच्या काळात सुमारे शंभर पुस्तकं निघाली. युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात 1962 साली लेखकांची परिषद भरली होती. तिथे एका विद्यार्थ्याने अचेबेंच्या हाती आपलं हस्तलिखित ठेवलं. 1964 मध्ये ते ‘वीप नॉट, चाइल्ड’ म्हणून आलं.

हा विद्यार्थी म्हणजे न्गुगी वा थिओंगो. पण जुन्या प्रतींवर नाव आहे ‘जेम्स न्गुगी’, कारण ‘जेम्स’ त्यांनी नंतर टाकून दिलं. जुनी प्रत हवी असेल तर दोन्ही नावांनी शोधावं. फ्रेंच शाळांच्या हजेरीपटात आडनाव आधी लिहीत, त्याचाही घोळ आहेच. सेनेगलचे सेम्बेन उस्मान कुठे उस्मान सेम्बेन असतात, गिनीचे कामारा लाये कुठे लाये कामारा. त्यात लायेंची आत्मकथनपर कादंबरी इंग्रजीत ‘द डार्क चाइल्ड’ आणि ‘द आफ्रिकन चाइल्ड’ अशा दोन शीर्षकांनी मिळते. नकळत दोन्ही विकत घेणारे कमी नसावेत.

मालिका जगली ती आफ्रिकेतल्या शाळा-महाविद्यालयांच्या मागणीवर, आणि तिथेच तिचा पाय अडकला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तेलाचे भाव घसरले आणि नायजेरियात परकीय चलनाची टंचाई झाली. पुस्तकांची गरज होती, पण लंडनला पैसे पाठवता येईनात. अभ्यासक्रमात असलेली शीर्षकं पुन्हा छापली गेली, बाकीची हळूहळू गळाली. म्हणून आज अचेबे आणि न्गुगी कुठेही मिळतात; त्यांच्याच रांगेतले इतर लेखक मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धुंडाळावे लागतात. मालिकेची अशी नारिंगी मुखपृष्ठाची प्रत हाती आली तर आधी श्रेयनामावलीचं पान उघडावं. मालिकेतली बरीच पुस्तकं आधी दुसरीकडे छापलेली होती. तिथे मूळ प्रकाशनाचं वर्ष वेगळं असतं आणि मालिकेत आल्याचं वेगळं. पहिली आवृत्ती म्हणून जास्त किंमत सांगणाऱ्याकडून ही दोन वर्षं आधी विचारून घ्यावीत.

लंडनवर विसंबून नसलेली छपाईही होती. नायजर नदीकाठच्या ओनिचाच्या बाजारात 1940च्या दशकापासून प्रेमकथा, पत्रलेखन आणि उपदेशाच्या पातळ पुस्तिका स्थानिक छापखान्यांतून निघत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात लढून परतलेल्या सैनिकांनी इथली स्वस्त चोपडी सोबत नेली आणि त्यांचा नमुना तिकडे गिरवला गेला, असं सांगितलं जातं. नायजेरियाच्या यादवी युद्धात तो बाजार उद्ध्वस्त झाला. पॅरिसमध्ये आल्युन जॉप यांनी 1947 साली ‘प्रेझाँस आफ्रिकेन’ हे नियतकालिक काढलं, तर कंपालात 1961 मध्ये भारतीय वंशाचे रजत निओगी यांनी ‘ट्रान्झिशन’.

छायाचित्रांच्या पुस्तकांचा प्रवास वेगळा झाला, कारण तिथे गिऱ्हाईक संग्रहालयं होती. छायाचित्रकार सेदू केता यांचा मालीची राजधानी बामाको इथला स्टुडिओ 1948 ते 1962 चालला. 13 × 18 सेंटिमीटरच्या निगेटिव्हवरून ते त्याच आकाराचे फोटो काढून देत. फिल्म महाग, म्हणून सहसा माणशी एकच फोटो. मागचा पडदा ते दोन-तीन वर्षांनी बदलत. सुरुवातीचा तर झालरीची चादरच होती. या पडद्यांवरूनच फोटोंचं साल ठरवलं जातं. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले ते ‘अज्ञात छायाचित्रकार’ म्हणून. नाव कळल्यावर शोध घेतला गेला आणि 1997 मध्ये झुरिकच्या स्कालो प्रकाशनाने त्यांचं पुस्तक काढलं. प्रदर्शनांतले भव्य फोटो 1990च्या दशकात निगेटिव्हवरून नव्याने काढलेले आहेत. गिऱ्हाइकाने घरी नेलेला फोटो हाताच्या पंजाएवढा असे, आणि हा फरक न सांगणारं पुस्तक मला अपुरं वाटतं.

आता मागणीनुसार एकेक प्रत छापून देण्याची सोय झाली आहे. ऑक्सफर्डची ‘आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह’ ही आफ्रिकी प्रकाशकांच्याच मालकीची संस्था अनेक देशांतली पुस्तकं अशीच पुरवते. कादंबरीला ही छपाई चालते. छायाचित्रांना नाही, कारण साध्या कागदात शाई शोषली जाते, काळा रंग राखाडी पडतो आणि सावलीतला तपशील बुजतो. फोटोंची पुस्तकं ऑफसेटवर मर्यादित प्रतींत निघतात आणि संपली की भाव चढतो. तेव्हा नव्या आवृत्तीची वाट पाहणं बहुतेकदा शहाणपणाचं. दक्षिण आफ्रिकेचे छायाचित्रकार अर्नेस्ट कोल यांचं वर्णभेद दाखवणारं ‘हाउस ऑफ बाँडेज’ 1967 मध्ये न्यूयॉर्कला छापलं गेलं आणि मायदेशी त्यावर बंदी आली. कोल 1990 साली परदेशातच वारले. 2017 मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेच्या तिजोरीतून त्यांच्या सुमारे 60,000 निगेटिव्ह बाहेर आल्या, आणि 2022 साली ॲपर्चर प्रकाशनाने पुस्तक पुन्हा काढलं. त्यात पूर्वी न छापलेल्या फोटोंचं एक आख्खं प्रकरण आहे. जुनी प्रत संग्राहकाने घ्यावी, वाचकाने ही नवी.