डॉक्टरच्या नावापुढचं ‘डिप्लोमेट’ म्हणजे नक्की काय?

अमेरिकेतल्या एखाद्या डॉक्टरचं प्रोफाइल उघडलं की नावाखाली ‘डिप्लोमेट, अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन’ असं काहीतरी दिसतं आणि बऱ्याच जणांना वाटतं की यांनी डिग्रीऐवजी कुठलातरी डिप्लोमा केलाय. आहे नेमकं उलटं. एमडी, रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) आणि राज्याचं लायसन्स एवढं असलं की कायद्याने प्रॅक्टिस करता येते, बोर्डाची, म्हणजे त्या त्या विषयातले तज्ज्ञ ठरवणाऱ्या संस्थेची, परीक्षा त्याच्याही पुढची आणि ऐच्छिक (हॉस्पिटलं आणि इन्शुरन्सवाले बघतात म्हणून बहुतेक जण देतातच, तो भाग वेगळा). ती पास झाला की तो त्या बोर्डाचा डिप्लोमेट.

सुरुवात केली डोळ्यांच्या डॉक्टरांनी. तेव्हा कोणीही थोडंफार शिकून स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचा, १९०८ मध्ये डोळ्यांचेच डॉक्टर असलेल्या डेरिक व्हेल यांनी भाषणात यावर बोट ठेवलं आणि १९१६ मध्ये पहिलं बोर्ड उभं राहिलं. आता एबीएमएस या मुख्य संस्थेखाली २४ बोर्डं आहेत.

परीक्षा म्हणजे नुसतं पाठांतर नाही. जनरल सर्जरीचंच घ्या, लेखी पास झाल्यावर तोंडी असते, वर्षानुवर्षं तिचा साचा म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाच्या तीन फेऱ्या, दरवेळी समोर दोन परीक्षक. पेशंटचं पोट दुखतंय, बीपी पडतंय, आता काय करणार? तुम्ही उत्तर दिलं की ते म्हणणार बरं, ते केलं, तरी बीपी वर येत नाही, आता? इथे पुस्तकी किडा अडकतो.

आणि हे सर्टिफिकेट कायमचं नसतं. फॅमिली प्रॅक्टिसच्या बोर्डाने १९६९ मध्ये पहिल्यापासूनच मुदत घातली, इंटर्नल मेडिसिनने मात्र १९९० पासून दहा वर्षांची केली, त्याआधीच्यांचं आजन्म राहिलं. म्हणजे ज्यांचं शिक्षण सगळ्यात जुनं त्यांनाच सूट, हे मला तरी पटत नाही.

अजून एक, ‘बोर्ड’ हे नाव कोणीही लावू शकतं, म्हणून कुठलं बोर्ड ते बघायचं. कॅलिफोर्नियात तर एबीएमएसचं किंवा त्याच्या तोडीचं बोर्ड नसेल तर डॉक्टरला जाहिरातीत ‘बोर्ड सर्टिफाइड’ लिहिता येत नाही. जनावरांच्या डॉक्टरांमध्ये हा शब्द जास्तच चालतो, तिथे मान्यताप्राप्त संस्थेचा डिप्लोमेट असेल त्यानेच स्वतःला स्पेशालिस्ट म्हणायचं असा त्यांच्या संघटनेचा नियम आहे.