शेअर्ड रिपॉझिटरीतल्या परमिशन आणि लॉक

शेअर्ड रिपॉझिटरी म्हणजे टीममधल्या सगळ्यांचा कोड जिथे एकत्र ठेवलेला असतो ती जागा. तिथे कोणाला लिहिता येणार हे परमिशनवर ठरतं आणि आत्ता कोणी लिहायचं हे लॉकवर. लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि काहीही अडलं की सर्व्हरवर सरसकट ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी परमिशन) मारून मोकळे होतात.

त्यात लॉकही दोन जातींचे. पहिला माणसाने माणसांसाठी लावलेला, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा. वॉल्टर टिची यांच्या आरसीएस या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये (१९८० च्या दशकाची सुरुवात) हाच मुख्य नियम होता, आधी लॉक घ्या मग फाइल बदला, नाहीतर फाइल नुसती वाचायला मिळणार. पुढे त्याच कामासाठी सीव्हीएस आलं आणि सगळ्यांनी एकाच वेळी लिहा, नंतर मर्ज करू (म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र जोडू) अशी पद्धत रुळली. पण फोटो, कॅडचं ड्रॉइंग, वर्डची फाइल यांचं मर्ज होत नाही, दोघांनी बदललं की एकाची मेहनत वाया, म्हणून सीव्हीएसनंतर आलेल्या सबव्हर्जनने १.२ या आवृत्तीत (२००५) लॉक परत आणला. फाइलला नीड्स-लॉक ही प्रॉपर्टी लावली की लॉक घेईपर्यंत ती रीड-ओन्ली दिसते. ही फक्त आठवण आहे बरं का, लोकल कॉपीवरची परमिशन बदलून कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याचा लॉक नसेल तर कमिटही होतं, म्हणजे बदल रिपॉझिटरीत जमा होतो.

सबव्हर्जनचा लॉक युजर आणि वर्किंग कॉपी (त्या मशीनवरची फाइलींची प्रत) दोन्हींना बांधलेला असतो, त्यामुळे ऑफिसच्या मशीनवर लॉक घेतला आणि घरच्या लॅपटॉपवरून कमिट करायला गेलात तर तुमचाच लॉक तुम्हाला आडवा येतो. कमिट केलं की लॉक आपोआप सुटतो, हवा असेल तर नो-अनलॉक सांगावं लागतं. आणि माणूस लॉक ठेवून गावी गेला तर? फोर्स देऊन दुसरा कोणीही तो लॉक तोडू किंवा स्वतःकडे घेऊ शकतो, हे कोणाला करू द्यायचं ते अॅडमिनने हुक (त्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) लिहून ठरवायचं. गिटमध्ये मुळात असला लॉक नाहीच, मोठ्या बायनरी (फोटोसारख्या, साधा मजकूर नसलेल्या) फाइल्ससाठी गिट एलएफएस या जोडणीत तो २०१७ पासून मिळतो.

दुसरी जात प्रोग्रामच्या स्वतःच्या लॉकची, त्याचा कोणाच्या हक्काशी संबंध नाही. गिटची इंडेक्स डॉट लॉक ही फाइल कमांड चालू असेपर्यंत असते, मध्येच प्रोसेस मेली की ती तशीच पडून राहते आणि पुढचं अॅड, कमिट वगैरे अडतं. दुसरं गिट खरंच चालू नाहीये ना एवढं बघून ती उडवायची. सीव्हीएसमध्ये तर नुसतं वाचणाऱ्यालाही रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये लिहायची परमिशन लागायची, कारण वाचतानाही तिथे लॉक फाइल बनायची! यावर उपाय म्हणून लॉकसाठी वेगळं फोल्डर देता येतं.

परमिशनमध्ये सगळ्यात डोकं खाणारा प्रकार म्हणजे एसएसएचवरून (म्हणजे प्रत्येकाने आपल्या खात्याने सर्व्हरवर लॉगिन करून) वापरलं जाणारं गिट. आज पुश होतो (बदल सर्व्हरवर जातात), उद्या परमिशन नाही म्हणतो, परवा परत होतो. याचं कारण असं की ऑब्जेक्ट्स (गिट साठवतं ते तुकडे) त्यांच्या हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या लांब नावाच्या) पहिल्या दोन अक्षरांच्या नावाच्या फोल्डरमध्ये जातात, अशी २५६ फोल्डर होऊ शकतात, आणि ज्याच्या पुशने फोल्डर पहिल्यांदा बनलं तो त्याचा मालक. त्याचा उमास्क (नव्या फाइल-फोल्डरच्या कुठल्या परमिशन वगळायच्या ते सेटिंग) ०२२ असेल तर ग्रुपमधल्या बाकीच्यांना त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, म्हणजे तुमचा हॅश कुठल्या फोल्डरात पडतो यावर तुमचं नशीब. मी यात अख्खी दुपार नेटवर्कला शिव्या देत घालवली आहे.

उपाय साधा आहे, सगळ्यांचा एक ग्रुप करायचा, रिपॉझिटरी बनवतानाच शेअर्ड ग्रुप असं सांगायचं म्हणजे गिट उमास्कची काळजी स्वतः घेतं. जुनी असेल तर शेअर्ड रिपॉझिटरीचं सेटिंग ग्रुप करायचं, आधीच्या फाइल-फोल्डरांचा ग्रुप बदलायचा, फोल्डरना ग्रुपला लिहायची परमिशन द्यायची आणि सेटजीआयडी लावायचं, म्हणजे नवीन फोल्डरही त्याच ग्रुपचं होतं. ऑब्जेक्टच्या फाइल्स रीड-ओन्ली दिसतील, त्या तशाच राहू द्या, त्या कधी बदलायच्याच नसतात.