अथेन्सचं घुबडवालं नाणं आणि त्यातलं शिसं

अथेन्सचं जुनं चांदीचं नाणं फोटोत तरी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, एका बाजूला अथेना देवी आणि दुसऱ्या बाजूला मोठ्ठ्या डोळ्यांचं घुबड. चार द्राख्माचं हे नाणं, वजन साधारण १७.२ ग्रॅम, आणि एक द्राख्मा म्हणजे तेव्हा कुशल कारागिराची दिवसाची मजुरी. चांदी जवळपास शुद्ध असायची, म्हणून इजिप्तपासून बॅबिलोनियापर्यंत लोक ते डोळे झाकून घ्यायचे, इतकंच काय, तिकडे त्याच्या नकलासुद्धा पाडल्या जायच्या.

पण मला खरं भारी वाटतं ते हे की ही चांदी शिशातून काढलेली आहे. अथेन्सच्या आग्नेयेला लॉरियन नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज मिळतं आणि त्यात अगदी थोडी चांदी असते, टनभर शिशामागे काही किलोच. दगड कुटायचा, उतरत्या ओट्यांवर पाण्याने धुवायचा म्हणजे हलकी माती वाहून जाते आणि जड खनिज मागे राहतं. पाऊस कमी, त्यामुळे पाणी टाक्यांमध्ये साठवून पुन्हा पुन्हा वापरायचे.

मग भट्टी. आधी खनिजातून चांदीमिश्रित शिसं काढायचं आणि ते साधारण १००० अंशांपर्यंत तापवून वरून हवा मारत राहायची. शिशाची ऑक्सिजनशी लगेच गट्टी जमते, त्याचं मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) बनतं आणि ते बाजूला काढता येतं, भट्टीच्या सच्छिद्र तळातही मुरतं. चांदी मात्र ऑक्सिजनला दाद देत नाही, शेवटी तीच उरते.

हे सगळं काम गुलाम करायचे, अरुंद बोगद्यांमध्ये, शिशाच्या विषारी धुरात. त्या नाण्याचं कौतुक करताना ही माणसं विसरणं मला तरी जमत नाही.

इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरियनमध्ये चांदीचा मोठा साठा लागला. पैसे नागरिकांत वाटून टाकायचं चाललं होतं पण अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने लोकांना पटवलं की यातून युद्धनौका बांधू, आणि ४८० मध्ये सलामिस बेटाजवळ पर्शियन आरमाराला हरवलं ते याच ताफ्याच्या जोरावर.

आता विज्ञानाची गंमत बघा. कितीही शुद्ध केली तरी चांदीत शिशाचा थोडा अंश राहतोच. शिशाचे चार स्थिर आयसोटोप (म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) असतात, त्यांचं एकमेकांशी प्रमाण खनिज तयार होतानाच ठरतं आणि वितळवल्याने बदलत नाही. म्हणजे नाण्यातलं ते चिमूटभर शिसं तपासलं की चांदी कुठल्या खाणीतली असावी ते कळतं, लॉरियनची की दुसरीकडची (वेगवेगळी नाणी एकत्र वितळवली असतील तर मात्र प्रमाणांची सरमिसळ होते).

इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या शत्रूने, स्पार्टाने, अथेन्सजवळचं डेकेलिया काबीज केलं, त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीसच्या म्हणण्यानुसार वीस हजारांहून जास्त गुलाम पळाले, खाणी थंडावल्या आणि शतक संपता संपता अथेन्सवर तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी पाडायची वेळ आली. पुढे ३७५ मध्ये कायदाच केला, तो कोरलेला दगड १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात सापडला. एक सरकारी परीक्षक, तोही गुलामच, बाजारात बसून नाणी तपासणार, आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे कापून देवांच्या मातेला अर्पण, आणि परीक्षकाने कामात कुचराई केली तर त्याला पन्नास फटके.