दुकान कसलं, पत्र्याखालचा भलामोठा फ्रिजच तो

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड आहे, योलंगू आणि इतर आदिवासींचा मुलुख. तिथल्या लांबच्या वस्त्यांत बहुतेक ठिकाणी दुकान एकच असतं, दूध, डायपर, चहा, भाजी, जे काय हवं ते तिथूनच घ्यायचं, दुसरा दुकानदारच नाही. यातली बरीच दुकानं आल्पा नावाची आदिवासींच्याच मालकीची संस्था 1972 पासून चालवतेय.

आता असं दुकान बांधायचं तर सुरुवात कुठून करणार? आपण म्हणू काउंटर, रॅक वगैरे. पण खरी सुरुवात मागच्या कोल्ड रूमपासून होते. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, कच्चे रस्ते पाण्याखाली, किनाऱ्यावर आणि बेटांवर माल येतो तो बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, तीही रोज थोडीच येते! मग साठा मोठा ठेवावा लागतो.

आणि गार ठेवणं म्हणजे फक्त तापमान उतरवणं नाही हां, खरा खर्च दमटपणाचा आहे. 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण 27 ग्रॅम वाफ असते. ती हवा 4 अंशाच्या खोलीत घुसली की त्यातली जेमतेम 6 ग्रॅम हवेत टिकते, उरलेल्या वीसेक ग्रॅमचं पाणी होतं (गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तेच). वाफेचं पाणी होताना दर ग्रॅमला सुमारे अडीच किलोज्यूल उष्णता सुटते, म्हणजे 50 किलोज्यूल झाले, आणि ती हवा नुसती थंड करायला लागतात 34च्या आसपास! म्हणजे फ्रिज हवेपेक्षा पाण्याशीच जास्त झगडतोय. फ्रीझरमध्ये तर त्याच पाण्याचा बर्फ होऊन कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) बसतो, मग तो वितळवायला परत वीज, आणि वीज बऱ्याच ठिकाणी डिझेल जनरेटरची, डिझेलही बाहेरूनच आणायचं. म्हणून फ्रीझरचं दार थेट बाहेर उघडायचं नाही, आधी थोडी गार खोली मग फ्रीझर, आणि पुढे दुकानातल्या फ्रिजना काचेची दारं. एवढ्याशा गोष्टी, पण माझ्या मते दुकानाचं नशीब इथंच ठरतं.

छप्पर हा वेगळा विषय. 1974 च्या ख्रिसमसला ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन शहर झोपवलं तेव्हा कळलं की पत्रे एका झटक्यात उडत नाहीत, वारा त्यांना वरखाली वरखाली हलवत राहतो आणि स्क्रूभोवतीचा पत्रा थकून फाटतो, डब्याचं झाकण मागंपुढं वाकवून तोडतो तसाच. तिथले बांधकामाचे नियम त्यानंतर कडक झाले.

माणसांचंही गणित आहे. योलंगू रिवाजात जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत, मोठ्या झालेल्या भाऊबहिणीतही अंतर पाळतात. अशा लोकांसाठी बांधताना गल्ल्या रुंद हव्यात, नजर लांबवर पोचायला हवी, आणि निघून जायला दुसरं दार हवं. अरुंद गल्लीत सासूबाई आडव्या आल्या तर माणूस सामान टाकून बाहेरच पडेल!

मांडणीचा परिणाम तर मोजलाही गेलाय. 2018 मध्ये आल्पाच्या 20 दुकानांत 12 आठवडे प्रयोग झाला, निम्म्या दुकानांनी साखरेच्या वस्तूंची जाहिरातबाजी आवरली आणि 600 मिलीहून मोठ्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या फ्रिजमधून काढल्या. विकत घेतलेल्या मालातली वरून घातलेली वगैरे साखर 2.8 टक्क्यांनी घटली, धंद्याला फटकाही बसला नाही. बंदी कशावरच नव्हती बरं का, मोठी बाटली हवी तर घ्या ना, फक्त ती गार मिळणार नाही, आणि त्या उकाड्यात कोमट कोला कोण पिणार?