लकवा आणि खुब्याचं फ्रॅक्चर

लकवा (अर्धांगवायू) मारलेला माणूस पुढच्या काही महिन्यांत पुष्कळदा पडतो आणि कधी हाड मोडतं, बऱ्याचदा खुब्याचं, आणि तेही लुळ्या बाजूचंच, कारण तोल त्याच बाजूला जातो आणि हात टेकायला पुढं येत नाही.

शिवाय लकव्यानंतर लुळ्या बाजूचं हाड ठिसूळही होतं, ते एकाच बाजूचं का हा जुना वाद आहे. जर्मन सर्जन युलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडलं तसं, भार पडेल ते हाड टिकतं, नाही पडला की झिजतं, हे एक मत. दुसरं मत ड जीवनसत्त्वाचं, माणूस आत पडून राहतो, ऊन मिळत नाही. पण तसं असतं तर दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या असत्या ना, आणि हाडाची घनता मोजली की लुळी बाजूच जास्त उतरलेली दिसते, त्यातही पायापेक्षा हात जास्त, कारण पाय निदान टेकतो तरी. त्यामुळं भाराचं मत जास्त पटतं. ड कमी असलं तर त्यात भर पडते, एवढंच.

औषधांच्या बाबतीत जपून वाचावं. जपानच्या योशिहिरो सातो यांनी २००५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की फोलेट आणि बी१२ ही जीवनसत्त्वं दिल्यानं लकव्याच्या पेशंटमध्ये खुब्याची फ्रॅक्चर घटतात, तो पेपर २०१६ मध्ये मागे घेतला गेला, म्हणजे त्यावर विसंबू नये असं नियतकालिकानंच जाहीर केलं, त्यांचे बाकीचेही बरेच गेले, पण त्याआधीच्या आढाव्यांत ते आकडे अजून तसेच बसलेत आणि हे फार वाईट आहे, कारण गोळ्या खरी माणसं खातात. झोलेड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाच्या एका डोसानं खुब्याच्या हाडाची घनता टिकते असं २००७ च्या आसपासच्या एका ब्रिटिश ट्रायलमध्ये दिसलं, पण ती छोटी होती आणि घनता टिकणं म्हणजे फ्रॅक्चर टळणं नव्हे.

कोल्हापुरात पेठांतल्या जुन्या घरांचा उंबरा आणि न्हाणीची ओली फरशी ही पडायची नेहमीची ठिकाणं. चप्पलचंही बघावं: कोल्हापुरीला मागं पट्टा नसतो, लुळं पाऊल घोट्यात उचलत नाही, बोटं फरफटतात आणि चप्पल निसटून पायाखाली येते. मागं पट्टा असलेली सँडल आणि घोट्याला स्प्लिंट (पाऊल उचलून धरणारा आधार) बरा. तालमीतल्या हाडवैद्याकडं मुरगळ दाखवायची इथं जुनी सवय, पण खुबा मोडला असेल तर तेल लावून चोळू नये.

बोलणं गेलेला पेशंट दुखतंय हे सांगू शकत नाही. पडल्यावर पाय आखूड वाटला, तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, की उभं करून न बघता आधी एक्स-रे.